दुसऱ्या पृथ्वीचा शोध

सन २०२५ च्या एप्रिल महिन्यांत वर्तमानपत्रांतून एक बातमी मोठ्या मथळ्याखालीं प्रसिद्ध झाली. सिंह राशींतील एका अंधुक ताऱ्याभोंवतीं फिरणाऱ्या ग्रहावर सजीवांच्या अस्तित्वाच्या खुणा आढळल्या, असा तिचा आशय होता. दुसरे दिवशीं तास संपण्याच्या बेतांत असतां एका विद्यार्थ्यानें उभें राहून विचारलें, "सर, तिकडे खरोखरच माणसें असलीं, तर प्रभु येशू त्यांच्याकरितांही आला असेल काय?" वर्गांत हशा पिकला. मला मात्र हंसूं आलें नाहीं. हा प्रश्न विचारणारा तो पहिलाच नव्हता. त्याच्याहून पुष्कळ मोठ्या माणसांनीं तो गंभीरपणें विचारलेला आहे. मीं त्यास म्हटलें, "त्याचा विचार मागाहून करूं, आधीं तिकडे काय आहे म्हणून खरोखर कळलें आहे, तेवढें पाहूं." इतक्यांत घंटा झाली आणि तें बोलणें अपुरें राहिलें. तें येथें पुरें करण्याचा विचार आहे.

तारे हे दूरचे सूर्य असून त्यांच्याभोंवतींही आपल्या पृथ्वीसारखीं जगें असावींत, ही कल्पना आजकालची नव्हे. सन १४४० मध्यें निकोलस कुसानुस या जर्मन धर्मपंडितानें आपल्या ग्रंथांत असा विचार मांडला, आणि पुढें तो कार्डिनलच्या पदास चढला. सन १५८४ मध्यें जोर्दानो ब्रूनो या इटालियन तत्त्वज्ञानें अनंत विश्व व असंख्य जगें यांविषयीं लिहिलें; ता. १७ फेब्रुवारी १६०० रोजीं रोम शहरांत त्याला जिवंत जाळण्यांत आलें. त्याच्यावरील आरोप अनेक होते व त्यांतील बहुतेक धर्मसिद्धांतांविषयींचे होते. तरी अनेक जगांचें मतही त्यांत गोंवलेलें होतें. आम्हां ख्रिस्ती लोकांना ही गोष्ट सांगतांना मान खालीं घालावी लागते, आणि ती घातलीच पाहिजे. परंतु कुसानुसाजवळ काय किंवा ब्रूनोजवळ काय, पुरावा म्हणण्यासारखें कांहींच नव्हतें. पुरावा शोधण्यास मनुष्य पुढें निघाला, आणि प्रथम त्यानें शेजारच्या मंगळावर मोठी फसगत करून घेतली.

सन १८७७ मध्यें मिलान येथील ज्योतिषी शियापारेली यांनीं मंगळाचा नकाशा काढला व त्यावरील बारीक रेघांना 'कानाली' असें नांव दिलें. इटालियन भाषेंत या शब्दाचा अर्थ नुसता 'पाट' किंवा 'प्रवाहाचा मार्ग' असा होतो. तो स्वाभाविक असो कीं खणलेला असो. इंग्रजींत येतां येतां मात्र त्याचे खणलेले कालवे झाले. आणि कालवे म्हटले कीं खणणारे आलेच! अमेरिकेंत अ‍ॅरिझोना प्रांतीं पर्सिव्हल लोवेल या श्रीमान गृहस्थांनीं सन १८९४ मध्यें स्वतःच्या खर्चानें वेधशाळा बांधिली आणि शेंकडों कालव्यांचे नकाशे छापले. मंगळ सुकत चालला आहे, आणि तेथील शहाणे रहिवासी ध्रुवांवरील बर्फाचें पाणी कालव्यांनीं आणून शेती जगवीत आहेत, असें त्यांचें प्रतिपादन होतें. प्राणिशास्त्रज्ञ वॉलेस यांनीं सन १९०७ मध्यें एक छोटें पुस्तक लिहून हें मत खोडून काढलें. पण लोकांना वॉलेसचीं कारणें रुक्ष वाटलीं व लोवेलचे कालवे गोड वाटले.

या प्रकरणांतील मला सर्वांत आवडणारा भाग एका शाळेंत घडला. ग्रीनिच येथील वेधशाळेंतील मॉन्डर नांवाच्या ज्योतिष्यांनीं सन १९०३ मध्यें जवळच्या शाळेंतील मुलांसमोर एक चित्र टांगलें. चित्रांत एक वर्तुळ आणि आंत कांहीं विस्कळित ठिपके व डाग होते. सरळ रेघ म्हणून नव्हती. जें दिसतें तें काढा, एवढेंच मुलांना सांगितलें होतें. अगदीं पुढें बसलेल्या मुलांनीं ठिपके हे ठिपके म्हणूनच काढले. परंतु मध्यम अंतरावरील पुष्कळ मुलांनीं ते ठिपके जोडून छान सरळ कालवे काढून दिले! त्यांनीं लबाडी केली नव्हती. डोळ्याला जें पुरतें दिसत नाहीं, तें मन आपल्या पदरचें घालून पुरें करतें. हा प्रयोग मीं आमच्या आठव्या इयत्तेवर करून पाहिला. मधल्या बांकांवरील कांहीं मुलांच्या कागदांवर रेघा निघाल्या, तेव्हां त्यांची थोडी थट्टा झाली. मग मी स्वतः मधल्या बांकाशीं जाऊन उभा राहिलों, तों मलाही एक रेघ स्पष्ट दिसली. आणि तें चित्र तर मींच काढलेलें होतें. सन १९६५ च्या जुलै महिन्यांत 'मॅरिनर ४' या यानानें मंगळाजवळून जातांना छायाचित्रें घेतलीं. त्यांत कालवे नव्हते. उघडा माळ आणि उल्कापातानें पडलेले खळगे होते.

आतां आपल्या सूर्यमालेच्या बाहेर जाऊं; आणि या प्रवासाचा आरंभ आपल्याच देशांतून होतो. कॅप्टन विल्यम स्टीफन जेकब हे ईस्ट इंडिया कंपनीच्या मुंबई इलाख्यांतील इंजिनियर अधिकारी, एका इंग्रज धर्मोपदेशकाचे चिरंजीव. मोजणी खात्यांत नोकरी करीत असतां त्यांनीं सन १८४२ मध्यें पुण्यास स्वतःची एक लहानशी वेधशाळा उभारली, आणि सन १८४८ च्या अखेरीस ते मद्रास येथील कंपनीच्या वेधशाळेचे प्रमुख झाले. भुजंगधारी नांवाच्या तारकासमूहांत सत्तर क्रमांकाचा एक तारा आहे. नुसत्या डोळ्यांना तो एक दिसतो. दुर्बिणीनें पाहिलें असतां ते दोन तारे असून ८८ वर्षांत एकमेकांभोंवतीं एक फेरी करतात, असें आढळून येतें. जेकब यांनीं या जोडीचे जुने व नवे वेध एकत्र करून तिचा मार्ग गणितानें काढला, पण तारे कांहीं केल्या त्या मार्गावर राहीनात. कधीं थोडे पुढें, कधीं थोडे मागें. सन १८५५ मध्यें त्यांनीं प्रसिद्ध केलें कीं, या ताऱ्यांना डोळ्यांस न दिसणारा एखादा ग्रह ओढीत असावा. वेध आणि गणित यांच्या आधारानें दुसऱ्या सूर्याचा ग्रह सांपडल्याचें विधान करणारे बहुधा हेच पहिले. आणि तें विधान मद्रासेंतून झालें.

तें चुकीचें होतें. तोच ग्रह सी या अमेरिकन ज्योतिष्यांनीं सन १८९६ मध्यें पुन्हां 'शोधला', तेव्हां मोल्टन या तरुण गणित्यानें सन १८९९ मध्यें सिद्ध करून दाखविलें कीं, अशा ठिकाणीं असा ग्रह असता तर ती सारी रचना लवकरच विस्कटून गेली असती. जुन्या वेधांतील केसाएवढ्या चुका त्या ग्रहाचें सोंग घेऊन उभ्या होत्या. जेकब यांच्या बाजूनें इतकें सांगितलें पाहिजे कीं, त्यांनीं निश्चित असें म्हटलें नव्हतें, मोठा संभव आहे इतकेंच म्हटलें होतें. प्रकृति खालावल्यामुळें ते सन १८५९ मध्यें मद्रास सोडून गेले. परंतु पुण्याजवळच्या डोंगरावर, खालच्या धुरळ्याच्या वर, निर्मळ हवेंत मोठी दुर्बीण उभारावी हा त्यांचा ध्यास सुटला नाहीं. खर्चाची मंजुरी मिळाली, आणि ता. ८ ऑगस्ट १८६२ रोजीं ते मुंबई बंदरांत उतरले. ता. १६ रोजीं पुण्यास पोंचल्यावर ते वारले. वय अठ्ठेचाळीस. ती डोंगरावरची वेधशाळा झालीच नाहीं.

भुजंगधारी समूहांतच बार्नार्डचा तारा आहे. तो आपल्यापासून सहा प्रकाशवर्षांवर आहे. (प्रकाश एका सेकंदास तीन लक्ष किलोमीटर जातो, एका वर्षांत तो जितका जाईल तें एक प्रकाशवर्ष.) या समूहानें ज्योतिष्यांना फसविण्याचा जणूं विडाच उचलला होता! पीटर व्हॅन डी कँप या डच-अमेरिकन ज्योतिष्यांनीं अनेक वर्षांच्या छायाचित्रांवरून सन १९६३ मध्यें जाहीर केलें कीं, या ताऱ्याला एक ग्रह आहे. दहा वर्षें तें पाठ्यपुस्तकांतून शिकविलें गेलें. सन १९७३ मध्यें इतरांनीं दुसऱ्या दुर्बिणींनीं तपासलें, तों तारा डुलतच नव्हता. दुर्बिणीच्या भिंगाच्या बैठकींत जेव्हां फेरफार केले गेले, तेव्हां तेव्हां छायाचित्रांतील तारे जागेवरून सरकले होते. म्हणजे आकाशांत ग्रह नव्हता, घरांतल्या भिंगांत होता. व्हॅन डी कँप यांनीं ही गोष्ट शेवटपर्यंत मान्य केली नाहीं. सन १९९५ च्या मे महिन्यांत ते वारले. त्याच वर्षीं ऑक्टोबर महिन्यांत सूर्यासारख्या ताऱ्याभोंवतीं फिरणारा पहिला खरा ग्रह जाहीर झाला.

तो कसा सांपडला हें समजण्यापूर्वीं, दुर्बिणीनें सरळ ग्रहच कां पाहूं नये, हें ध्यानांत घ्यावें. ग्रहाला स्वतःचा प्रकाश नसतो. दुरून पाहणाऱ्याला आपला सूर्य पृथ्वीच्या सुमारें एक हजार कोटी पट तेजस्वी दिसेल. भर सभामंडपांत पेटविलेल्या गॅसबत्तीला चिकटून बसलेला काजवा दुसऱ्या गांवांतून पाहावयाचा, तसा हा प्रकार. म्हणून ज्योतिषी ग्रह पाहत नाहींत. ताऱ्याकडेच पाहतात, आणि त्याच्या वागण्यावरून जवळ कोणी आहे काय तें ओळखतात.

याची पहिली रीत मुलींना लवकर समजेल. एक थोर मुलगी व एक अगदीं चिमुकली मुलगी फुगडी खेळूं लागल्या, तर चिमुकली मोठ्या घेऱ्यांत गरगर फिरते. पण थोरलीही एका जागीं खिळून राहत नाहीं, तीही थोडीशी डुलते. चिमुकली अंधारांत दिसेनाशी झाली, तरी थोरलीच्या डुलण्यावरून तिचे हात कोणी तरी धरले आहेत हें कळेल. ग्रहाच्या ओढीनें ताराही असाच डुलतो. तो आपल्याकडे येत असतां त्याच्या प्रकाशाचा वर्णपट किंचित् निळ्या बाजूस सरकतो व दूर जातांना तांबड्या बाजूस सरकतो. गुरूच्या ओढीनें आपला सूर्य सेकंदाला सुमारें साडेबारा मीटर वेगानें डुलतो. आपल्या पृथ्वीच्या ओढीनें केवळ नऊ सेंटिमीटर, म्हणजे रांगत्या मुलाच्या चालीहूनही मंद. फ्रान्सच्या दक्षिणेस ओत-प्रोव्हान्स येथील वेधशाळेंत मिशेल मेयर व दिदिए केलोझ यांनीं महाश्व समूहांतील एका ताऱ्याचें हें डुलणें पकडलें. तो तारा ५० प्रकाशवर्षांवर, आणि त्याचा ग्रह गुरूच्या निम्म्या वजनाचा असूनही अवघ्या ४·२ दिवसांत एक फेरी पुरी करणारा! इतका मोठा ग्रह ताऱ्याच्या इतक्या निकट असेल, असें कोणाच्या स्वप्नींही नव्हतें. या शोधाबद्दल दोघांना सन २०१९ चें नोबेल पारितोषिक, दुसऱ्या एका शास्त्रज्ञाबरोबर विभागून, मिळालें.

दुसरी रीत सोपी आहे. कंदिलासमोरून पाखरूं गेलें कीं उजेड क्षणभर कमी होतो. ग्रह फिरतां फिरतां ताऱ्याच्या व आपल्या मध्यें आला, तर ताऱ्याचा प्रकाश तितका काळ घटतो, आणि ठराविक दिवसांनीं पुन्हां पुन्हां घटतो. गुरूएवढा ग्रह शंभरावा हिस्सा प्रकाश झांकील. पृथ्वीएवढा केवळ बारा हजारावा. शिवाय ग्रहाचा मार्ग नेमका आपल्या दृष्टीच्या रेषेंत असला पाहिजे. पृथ्वी आणि सूर्य यांच्यासारख्या जोड्या दूर पसरलेल्या असल्या, तर दोनशांत एखादीच अशी नीट जुळेल. म्हणून अमेरिकेच्या 'केप्लर' नांवाच्या दुर्बिणीनें सन २००९ पासून हंस व स्वरमंडल या समूहांकडे डोळा लावून दीड लाखांहून अधिक ताऱ्यांवर एकदम पाळत ठेविली. सन २०१८ मध्यें इंधन संपून ती निमाली, तोंवर तिच्या नांवावर २६०० हून अधिक ग्रह जमा झाले होते. सर्व रीतींनीं मिळून निश्चित झालेल्या ग्रहांची संख्या सन २०२५ च्या सप्टेंबरांत ६००० वर गेली. बार्नार्डच्या ताऱ्यालाही शेवटीं खरे ग्रह सांपडले. सन २०२४ मध्यें एक व पुढील वर्षीं एकंदर चार. सर्व पृथ्वीहून लहान, आणि ताऱ्याच्या इतके जवळ कीं तेथें पाणी टिकावयाचें नाहीं.

पाण्याचें नांव निघालें तें सकारण निघालें. आपणांस माहीत असलेल्या प्रत्येक सजीवास द्रवरूप पाणी लागतें. म्हणून ज्योतिष्यांनीं प्रत्येक ताऱ्याभोंवतीं असा एक पट्टा आंखला आहे कीं, ज्यांतील ग्रहावर पाणी ना सारें उकळून जाईल, ना सारें गोठून जाईल. थंडीच्या दिवसांत शेकोटीभोंवतीं बसणारे याच हिशेबानें बसतात. शेकोटी मोठी असेल तर दूर, आणि चार काटक्यांची असेल तर अगदीं जवळ सरकून. आपल्या दृष्टीस न पडणारे लहान तांबडे तारे आकाशांत सर्वांत अधिक आहेत. ते या चार काटक्यांच्या शेकोट्या होत. सूर्याच्या सर्वांत निकटचा शेजारी असाच आहे: मित्र नांवाच्या तेजस्वी ताऱ्याच्या परिवारांतील प्रॉक्झिमा, ४·२ प्रकाशवर्षांवर. त्याच्या या पट्ट्यांत फिरणारा एक ग्रह सन २०१६ मध्यें सांपडला. त्याचें वर्ष सुमारें अकरा दिवसांचें आहे. कुंभ राशींत सुमारें ४० प्रकाशवर्षांवर ट्रॅपिस्ट-१ नांवाचा तारा आहे. हा गुरूहून थोडासाच मोठा, पण त्याला पृथ्वीच्या मापाचे सात ग्रह आहेत, आणि त्यांतील तीन तरी त्या पट्ट्यांत पडतात. सन २०१७ मध्यें ही सप्तग्रहांची बातमी आली, तेव्हां मलाही रात्रीं नीट झोंप लागली नाहीं, हें कबूल करतों.

पण लहान शेकोटीजवळ बसण्यांत एक दुःख असतें: ठिणग्या अंगावर येतात. हे तांबडे तारे वारंवार भडकतात, आणि त्या भडक्यांनीं जवळच्या ग्रहाचें वातावरण खरवडून जाण्याची भीति असते. शिवाय इतक्या जवळचा ग्रह बहुधा ताऱ्याकडे एकच बाजू करून फिरतो; चंद्र आपल्याकडे करतो तसा. एका अंगास अखंड दिवस व दुसऱ्या अंगास अखंड रात्र! सन २०२१ च्या नाताळच्या दिवशीं आकाशांत सोडलेल्या 'जेम्स वेब' दुर्बिणीनें ट्रॅपिस्टचे आंतले दोन ग्रह तपासले. दोहोंवरही दाट हवा आढळली नाहीं. बाहेरच्या ग्रहांची तपासणी त्याहून अवघड आहे.

'वसतियोग्य' या शब्दानें वाचकांची फार दिशाभूल केली आहे, असें माझें मत आहे. त्याचा अर्थ इतकाच कीं, इतर सर्व गोष्टी अनुकूल असल्या तर तेथें पाणी द्रवरूप राहूं शकेल. तेथें पाणी आहे असा त्याचा अर्थ नव्हे. हवा आहे असाही नव्हे. कोणी राहतें असा तर मुळींच नव्हे. आपला शेजारी शुक्र पहा. आकारानें तो जवळ जवळ पृथ्वीचा जुळा भाऊ. दुसऱ्या ताऱ्यावरील एखाद्या ज्योतिष्यानें नुसतें आकारमान मोजलें, तर तो दोघांना एकाच माळेचे मणी समजेल. प्रत्यक्षांत शुक्राच्या पृष्ठावर सुमारें ४६० अंश सेंटिग्रेड उष्णता आहे, आणि कार्बन डायॉक्साइडच्या हवेचा दाब आपल्या हवेच्या नव्वद पट आहे. तेथें शिसें वितळतें.

मग खरी खूण कोणती? सन १९९० च्या डिसेंबरांत गुरूकडे निघालेलें 'गॅलिलिओ' नांवाचें यान वेग घेण्याकरितां पृथ्वीजवळून गेलें. त्या वेळीं कार्ल सेगन व त्यांचे सहकारी यांनीं एक चमत्कारिक प्रश्न विचारला: आपणांस कांहींच ठाऊक नाहीं असें समजून या यानाच्या यंत्रांनीं पाहिलें, तर पृथ्वीवर जीव आहेत हें सिद्ध होईल काय? उत्तर सन १९९३ मध्यें प्रसिद्ध झालें. यंत्रांना हवेंत भरपूर प्राणवायु दिसला आणि त्याबरोबर मिथेन वायूही दिसला. जमिनीवर एक असा रंगद्रव्याचा पट्टा दिसला कीं जो तांबडा प्रकाश शोषून घेतो. तीं झाडें होत. शेवटीं रेडिओच्या लहरी ऐकूं आल्या, आणि त्या मात्र मनुष्याच्या होत्या. यांतील प्राणवायु व मिथेन ही जोडी फार महत्त्वाची आहे. हे दोन वायु एकत्र फार काळ नांदत नाहींत, एकमेकांना संपवितात. दोन्ही सांपडतात, त्या अर्थीं कोणी तरी ते सतत पुरवीत आहे. रात्रभर दिवा जळत असलेला पाहिला कीं घरांत तेल घालणारें कोणी आहे, असें आपण समजतों, तसेंच हें.

दूरच्या ग्रहाची हवा वाचण्याचीही युक्ति आहे. ग्रह ताऱ्यासमोरून जातो तेव्हां ताऱ्याचा थोडा प्रकाश ग्रहाच्या हवेंतून गाळून येतो, आणि प्रत्येक वायु त्यांतील आपले ठरलेले रंग खाऊन टाकतो. सिंह राशींतील ज्या ग्रहानें हा लेख लिहावयास लाविलें, त्याचें नांव के-२-१८ बी. तो १२४ प्रकाशवर्षांवर असून त्याचें वजन पृथ्वीच्या आठपटीहून अधिक आहे. केंब्रिज विद्यापीठांतील भारतांत जन्मलेले शास्त्रज्ञ निक्कु मधुसूदन आणि त्यांचे सहकारी यांना जेम्स वेबच्या वेधांत सन २०२३ मध्यें तेथें मिथेन व कार्बन डायॉक्साइड आढळले. सन २०२५ मध्यें त्यांनीं म्हटलें कीं, डायमेथिल सल्फाइड नांवाच्या, किंवा त्याच्या जातीच्या दुसऱ्या वायूच्या खुणा दिसतात. पृथ्वीवर हा वायु मुख्यतः समुद्रांतील सूक्ष्म वनस्पतींपासून होतो. इतर शास्त्रज्ञांनीं तेच आंकडे पुन्हां तपासले, तेव्हां ती खूण त्यांना पटण्याजोगी वाटली नाहीं. दुसरे कित्येक म्हणतात कीं, तो ग्रह समुद्राचा नसून जाड वायूच्या वेष्टणाचा आहे. म्हणजे आपण अजून मॉन्डरच्या वर्गांतल्या मधल्या बांकांवर बसलों आहों. ठिपके आहेत हें खरें, पण त्यांची रेघ होते कीं नाहीं तें पुढें जाऊन पाहिलें पाहिजे. मधुसूदन यांनींही अधिक वेध पाहिजेत असेंच सांगितलें आहे; मथळे लिहिणाऱ्यांनीं तेवढा भाग गाळला.

आपल्या देशांतही हें काम चालू आहे. अबूच्या पहाडावरील वेधशाळेंतून अहमदाबादच्या भौतिक संशोधन संस्थेच्या शास्त्रज्ञांनीं ताऱ्यांचें डुलणें मोजून सन २०१८ मध्यें सुमारें ६०० प्रकाशवर्षांवरील एका ग्रहाचें वजन काढलें. तें पृथ्वीच्या सुमारें २७ पट भरलें. सन २०१९ मध्यें जागतिक ज्योतिष संघानें प्रत्येक देशास एकेका ग्रहाचें नांव ठेवण्याचा मान दिला. भारताच्या वांट्यास आलेल्या ताऱ्याला, बिभा चौधुरी या भारतीय विदुषीच्या स्मरणार्थ, 'बिभा' हें नांव मिळालें, आणि त्याच्या ग्रहाला 'संतमस' हें. हा दुसरा शब्द सुचविणारा पुण्यांतील एक तेरा वर्षांचा शाळकरी विद्यार्थी होता. आमच्या संस्कृतच्या विद्यार्थ्यांनीं याची नोंद घ्यावी. संतमस वसतियोग्य मात्र नाहीं. त्याचें वर्ष अवघ्या दोन दिवसांचें आहे.

आतां त्या विद्यार्थ्याच्या प्रश्नाकडे येतों. सन १८१७ मध्यें स्कॉटलंडांतील धर्मोपदेशक थॉमस चामर्स यांचीं ज्योतिषावरील प्रवचनें प्रसिद्ध झालीं. त्या काळचे कित्येक पंडित म्हणत, विश्व जर इतकें अफाट आहे, तर एका धुळीच्या कणासाठीं देवानें पुत्र पाठविला हें खरें कसें मानावें? चामर्स यांनीं उत्तर दिलें कीं, दुर्बीण सांपडली त्याच सुमारास सूक्ष्मदर्शक यंत्रही सांपडलें. आणि त्यानें दाखविलें कीं, पाण्याच्या एका थेंबांतील जीवांचीही रचना तितक्याच काळजीनें केलेली आहे. पुढें सन १८५३ मध्यें केंब्रिजच्या ट्रिनिटी कॉलेजचे मुख्य विल्यम ह्यूएल यांनीं अन्य जगांत वस्ती असल्याचा पुरावा नाहीं असें एका निनांवी पुस्तकांत लिहिलें, आणि लगेच पुढील वर्षीं डेव्हिड ब्रूस्टर यांनीं त्याचें खंडन केलें. हे दोघेही शास्त्रज्ञ आणि दोघेही श्रद्धावान ख्रिस्ती होते. म्हणजे या प्रश्नावर एकाच उपासनेंत बसणारीं माणसें दोन बाजूंना असूं शकतात. माझ्यापुरतें म्हणाल, तर पवित्र शास्त्र मला या पृथ्वीवरील माणसाचें देवाशीं नातें काय तें सांगतें. कुंभ राशींतील ग्रहांवर कोण आहे हें त्यांत सांगितलेलें मला कोठें आढळलें नाहीं. तेथें कोणी असले, तर ते माझ्या परवानगीनें देवाचे होणार नाहींत. आणि कोणी नसले, तरी माझें त्याच्याकडे असलेलें कर्ज तिळमात्र कमी होणार नाहीं. हें उत्तर त्या मुलाला पुरें पडेल कीं नाहीं कोण जाणे. मला स्वतःला तें पुष्कळ रात्रीं पुरलें आहे, कांहीं रात्रीं पुरलें नाहीं.

पालकांपैकीं एका गृहस्थांनीं मला विचारलें होतें कीं, पृथ्वी बिघडली तर अशा एखाद्या जगावर जातां येईल काय? त्याचें उत्तर गणितानें देतां येतें. सन १९७७ मध्यें सोडलेलें 'व्हॉयेजर १' हें यान सेकंदाला सुमारें १७ किलोमीटर वेगानें सूर्यापासून दूर चाललें आहे. त्याच वेगानें सर्वांत जवळच्या प्रॉक्झिमापर्यंत जावयाचें तर सुमारें ७५ हजार वर्षें लागतील.

कॅप्टन जेकब यांचा तारा पाहण्याची ज्यांना इच्छा असेल, त्यांनीं पावसाळा सरल्यावर, आश्विनांतील चांदणें नसलेल्या रात्रीं आठाच्या सुमारास, गांवाच्या दिव्यांपासून दूर जाऊन उभें राहावें. डोक्याच्या जवळच, किंचित् पश्चिमेकडे कललेला, श्रवणाचा ठळक तारा ओळखावा. तेथून पश्चिमेच्या क्षितिजाकडे, हात लांब करून धरलेल्या एका वितीहून थोड्या अधिक अंतरावर, बारीक ताऱ्यांचा एक घोळका आहे. त्यांतील एक तो आहे. त्याचा जो प्रकाश त्या रात्रीं डोळ्यांत शिरेल, तो सुमारें साडेसोळा वर्षांपूर्वीं तेथून निघालेला असेल. म्हणजे मॅट्रिकच्या वर्गांतील बहुतेक मुलांच्या जन्माच्या आगेंमागें.